दुसऱ्यांदा ठेवलेले हात

आपल्या समाजाजवळ पहिल्या आजारपणासाठी भाषा आहे, दुसऱ्यासाठी नाही. २०११ साली माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली, तेव्हा आमच्या ओटीवर माणसांची रीघ लागली होती. कोणी शहाळी आणली, कोणी गावठी अंडी, कोणी लूर्डच्या पाण्याची बाटली. भक्तमंडळाच्या बायकांनी नऊ दिवस नोव्हेना केला. प्रत्येकाच्या ओठांवर एकच वाक्य होते : ‘‘बाई, तुम्ही बऱ्या होणार.’’ २०२२ च्या पावसाळ्यात तोच आजार पाठीच्या मणक्यांत परतला, तेव्हा तीच माणसे आली, तितक्याच मायेने आली. पण आल्यावर काय बोलावे हे कोणालाच सुचेना. ‘बऱ्या होणार’ म्हणावे तर ते खरे वाटेना, आणि दुसरे वाक्य तर कोणाजवळ नव्हते. चहा पिऊन, भिंतीवरच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीकडे पाहून माणसे उठत. ते दुसरे वाक्य शोधावे म्हणून मी हे लिहीत आहे.

प्रथम एका संकोचाविषयी. ‘स्तन’ हा शब्द धर्मग्रामातील कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या ह्या पानांवर लिहिताना माझ्यासारख्या जुन्या शिक्षिकेची लेखणी क्षणभर थबकते. परंतु सिसिलीतील संत आगाथेच्या चित्रांत तिचे छेदलेले स्तन तबकात ठेवलेले शतकानुशतके रंगविले गेले आहेत. तिसऱ्या शतकातील छळात तिने ते सोसले. पहिल्या युखरिस्त प्रार्थनेत तिचे नाव घेतले जाते, आणि ५ फेब्रुवारीला तिचा सण येतो. ख्रिस्तसभेला जे नाव वेदीवर घेताना संकोच वाटला नाही, त्या नावामागच्या वेदनेचा उच्चार आपण घरात कुजबुजत का करावा? आमच्याकडे अजूनही ‘तिला तो आजार आहे’ असे म्हणतात. मुलींच्या सोयरिकी अडतील म्हणून कित्येक घरांत फाइली कपाटाच्या तळाशी ठेवल्या जातात. ह्या मौनाची किंमत बायकाच मोजतात.

आता आजाराविषयी. मला जे समजले ते डॉक्टरांनी सांगितले, काही मी वाचले, आणि काही परळच्या टाटा रुग्णालयातील बाकांवर बसून शेजारणींकडून शिकले. (१९४१ साली उभ्या राहिलेल्या ह्या रुग्णालयाचा रस्ता डॉ. अर्नेस्ट बोर्जिस ह्या गोमंतकीय शल्यविशारदाच्या नावाने ओळखला जातो. तो पत्ता लिहिताना मला दर वेळी आपल्या माणसाच्या दारात गेल्यासारखे वाटते.)

पाठ दुखत होती. ह्या वयात पाठ कोणाची दुखत नाही? परंतु हे दुखणे विश्रांतीने हटत नव्हते, उलट रात्री वाढत होते. तीन आठवडे झाले तेव्हा आमच्या कुटुंबाच्या डॉक्टरांनी जुना आजार लक्षात घेऊन लगेच पुढे पाठविले. चित्रणे झाली, मणक्यातून आणि कमरेच्या हाडातून डाग दिसले. मग सुईने हाडाचा तुकडा काढून तपासण्यात आला. त्याचा अहवाल आला त्या दिवशी तरुण डॉक्टर मुलीने मला शांतपणे सांगितले, ‘‘हा हाडांचा कर्करोग नव्हे. हा तुमच्या स्तनाचाच कर्करोग आहे, तो हाडांत राहायला गेला आहे.’’

हे वाक्य मी अनेकांना समजावून सांगितले आहे, कारण गावात ‘बाईंना आता हाडांचा कॅन्सर झाला’ अशीच वार्ता पसरली होती. स्थलांतर केलेला माणूस दुबईत गेला तरी तो वसईकरच राहतो, त्याची बोली बदलत नाही. तसेच ह्या पेशींचे. त्या यकृतात गेल्या, फुप्फुसात गेल्या, हाडात गेल्या तरी स्तनाच्याच पेशी राहतात, आणि औषधही स्तनाच्या कर्करोगाचेच लागते. मात्र काही वेळा परदेशी गेलेल्या माणसाच्या सवयी बदलाव्यात तसे त्यांचे गुणधर्म बदलतात. पहिल्या वेळी संप्रेरकांवर वाढणारी गाठ दुसऱ्या वेळी तशी असेलच असे नाही. म्हणूनच जुन्या अहवालावर न विसंबता शक्य तेथे पुन्हा तुकडा काढून तपासतात. ‘एकदा तपासले आहे ना, मग पुन्हा सुई कशाला?’ असे घरच्यांना वाटते. त्या सुईवर पुढचे सारे औषध ठरते.

परतणे तीन प्रकारचे असते. कधी आजार त्याच स्तनात किंवा शस्त्रक्रियेच्या व्रणाजवळ छातीच्या भिंतीत उगवतो. कधी काखेतल्या वा गळ्याच्या हाडाजवळच्या ग्रंथींत. आणि कधी दूरच्या अवयवांत. पहिल्या दोहोंत समूळ बरे करण्याच्या हेतूने उपचार करता येतात. पुष्कळदा पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा किरणोपचार होतात आणि बाई घरी जाऊन वर्षानुवर्षे संसार करते. हे मुद्दाम लिहिते, कारण ‘परत आला’ म्हणजे सारे संपले असे समजून काही जणी तपासणीलाच जात नाहीत. तिसरा प्रकार माझा. त्यात बहुधा आजार शरीरातून पुरता निपटून काढता येत नाही, तो आटोक्यात ठेवायचा असतो.

अकरा वर्षांनंतर तो आलाच का, हा प्रश्न मी रात्र रात्र जागून स्वतःला विचारला. उत्तराचा एक धागा मला अनपेक्षित ठिकाणी सापडला. १८८९ साली लंडनमधील स्टीफन पॅजेट नावाच्या शल्यविशारदाने स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. रक्त तर सर्व अवयवांतून फिरते, मग ह्या आजाराची गाठ यकृतात आणि हाडांत इतकी वारंवार, आणि प्लीहेत इतकी क्वचित का सापडावी? त्याने निष्कर्ष काढला की, रोपटे बी धरते तेव्हा बी सर्व दिशांना जाते, परंतु रुजते ते मानवणाऱ्या मातीतच. पेरणाऱ्याचा दाखला आम्ही बालपणापासून ऐकत आलो. तोच दाखला एका वैद्यकाने रोगाला लावावा, ह्याचे मला प्रथम दुःख झाले आणि नंतर आश्चर्य वाटले.

आमची केळीची आणि पानवेलीची वाडी आहे. वाडीत लव्हाळा माजतो. वरून कितीही उपटला, तरी जमिनीत त्याच्या बारीक गाठी राहतात. एक उन्हाळा, दोन उन्हाळे जमीन स्वच्छ दिसते आणि मग एका पावसात कोंब वर येतो. पहिल्या शस्त्रक्रियेपूर्वीच काही पेशी निसटून हाडांच्या मगजात जाऊन निद्रिस्त झालेल्या असू शकतात. इतक्या थोड्या, की कोणत्याही चित्रणात दिसू नयेत. संप्रेरकांवर वाढणाऱ्या प्रकारात ही निद्रा फार लांबते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पाच वर्षे औषध घेऊन निरोगी राहिलेल्या सुमारे ६३ हजार स्त्रियांच्या नोंदी एकत्र केल्या होत्या. त्यात असे दिसले की, आजार परतण्याचे प्रमाण पाचव्या वर्षानंतर थांबत नाही. विसाव्या वर्षापर्यंत ते संथपणे चालूच राहते. ज्या प्रकाराला औषधशास्त्रात तिन्ही खुणा नसलेला म्हणतात, तो ह्याउलट परतायचा असेल तर बहुधा पहिल्या काही वर्षांतच परततो. ‘पाच वर्षे उलटली, आता सुटलो’ हे वाक्य आपल्याकडे जणू धर्मवचनासारखे बोलले जाते. ते सर्वांना सारखे लागू नाही.

माझा मुलगा आखातात नोकरीला आहे. त्याने फोनवर विचारले, ‘‘आई, दर सहा महिन्यांनी सगळी स्कॅनिंग केली असती, तर आधी सापडले नसते का?’’ त्याच्या आवाजात अपराधीपण होते. अशा तपासणीला आपण पैसे पाठवायला हवे होते असे त्याला वाटत होते. मी त्याला १९९४ साली इटलीत प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांची हकीकत सांगितली. काही स्त्रियांची नियमाने हाडांची आणि छातीची चित्रणे केली, काहींची केवळ डॉक्टरी तपासणी आणि वार्षिक मॅमोग्राफी. आयुष्याच्या लांबीत दोन्ही गटांत फरक पडला नाही. म्हणून त्रास नसताना सरसकट स्कॅन करण्याचा सल्ला आजही दिला जात नाही. महत्त्व आहे ते बाईने स्वतःच्या शरीराचे ऐकण्याला : व्रणाजवळ नवी गाठ वा लाली, काखेत किंवा गळ्याशी फुगवटा, हाताची नव्याने आलेली सूज, हटत नाही असे हाडाचे दुखणे, विनाकारण टिकणारा खोकला, धाप, वाढती डोकेदुखी. असे काही दोन-तीन आठवड्यांहून अधिक राहिले तर जुनी फाइल घेऊन जायचे. मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘म्हणजे माझ्यामुळे नाही.’’ त्या एका वाक्यासाठी मला ते सारे इंग्रजी वाचन सार्थ वाटले.

दिरांचा प्रश्न वेगळा होता. ते जुन्या वळणाचे, रोखठोक. ‘‘वहिनी, ते लोक कापून का टाकत नाहीत?’’ पेशी रक्तातून पसरल्या असता एक डाग कापून बाकीचे थांबत नाहीत, हे त्यांना पटविणे कठीण गेले. टाटा रुग्णालयातच ह्या प्रश्नाशी जवळचा असा एक अभ्यास झाला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. प्रथमच निदान होताना ज्यांचा आजार दूर पसरलेला होता अशा ३५० स्त्रियांपैकी निम्म्यांच्या स्तनातील मूळ गाठ काढली, निम्म्यांची काढली नाही. आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. दिरांनी मान हलवली. पटले की नाही, कोण जाणे. परंतु त्या दिवसापासून त्यांनी ‘डॉक्टर काही करत नाहीत’ असे म्हणणे सोडले.

उपचार काय चालले आहेत ते थोडक्यात सांगते. पाठीच्या ज्या मणक्याला फार दुखत होते त्याला किरणोपचार दिले, एकाच बैठकीत. पंधरा दिवसांत दुखणे पुष्कळ ओसरले. रोज लेट्रोझोलची गोळी. तिच्या जोडीला पालबोसिक्लिब, २१ दिवस घ्यायची आणि ७ दिवस थांबायचे, कारण तिच्याने रक्तातील पांढऱ्या पेशी उतरतात आणि त्यांना सावरायला उसंत लागते. हाडांना बळ यावे म्हणून शिरेतून औषध. त्याआधी दात तपासून घ्यावे लागतात, कारण ते औषध चालू असताना दात काढला तर जबड्याच्या हाडाला इजा होऊ शकते. पहिल्या काही महिन्यांत पालबोसिक्लिबच्या किमतीने आमची पुंजी हलली. जानेवारी २०२३ मध्ये भारतात तिचे पेटंट संपले, अनेक देशी कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या आणि किंमत पुष्कळच खाली आली. त्या महिन्यात यजमानांनी औषधाच्या दुकानातून घरी येऊन पावती माझ्यापुढे धरली आणि काही न बोलता वाडीत निघून गेले. माणसाचे आयुष्य एका कायद्याच्या तारखेवर असे लोंबकळावे, हे मला अजून नीट पचलेले नाही. त्या तारखेआधी ज्या घरांत पैसे संपले, त्यांची आठवण येते.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतले, तिच्याकडे येते.

२०१७ साली, औषधांची पाच वर्षे संपली तेव्हा, आम्ही कृतज्ञतेची मिस्सा केली होती आणि मी सर्वांसमोर साक्ष दिली होती. परमेश्वराने मला बरे केले, असे मी म्हटले होते. पाच वर्षांनी आजार परतला, तेव्हा एका प्रार्थनासभेत एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘‘विश्वासात कुठे फट राहिली का, पाहा.’’ त्यांचा हेतू वाईट नव्हता. परंतु त्या रात्री मी झोपले नाही. मी दिलेली साक्ष खोटी ठरली काय? देवाने दिलेले त्याने परत घेतले काय? की दिलेच नव्हते?

ह्या प्रश्नांनी मला कित्येक आठवडे कोरले. धर्मगुरूंशी बोलले. ते तरुण आहेत. त्यांनी उपदेश केला नाही. त्यांनी मला मार्कच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय पुन्हा वाचायला सांगितला. बेथसैदा येथील आंधळ्याची गोष्ट. येशू त्याला हाताला धरून गावाबाहेर नेतो, त्याच्यावर हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसते का? त्याला दिसते, पण अंधुक. माणसे चालत्या झाडांसारखी दिसतात. तेव्हा येशू पुन्हा त्याच्या डोळ्यांवर हात ठेवतो. प्रभूने दोनदा हात ठेवून बरे केल्याची दुसरी गोष्ट चारही शुभवर्तमानांत मला आढळली नाही. वर्गात मी ही गोष्ट अनेकदा सांगितली असेन, परंतु तिच्यातला हा ‘पुन्हा’ मला कधी टोचला नव्हता. त्या आंधळ्याला कोणी म्हटले नाही की, तुझा विश्वास अपुरा म्हणून पहिल्या वेळी भागले नाही. आणि गेथशेमनीच्या बागेत तर स्वतः प्रभूनेच तीच प्रार्थना, त्याच शब्दांत, तीनदा केली. प्याला टळला नाही.

माझ्यापुरते मी असे ठरविले आहे : २०१७ ची साक्ष खरी होती. ती मी मिळालेल्या वर्षांबद्दल दिली होती, पुढील वर्षांची हमी म्हणून नव्हे. त्या अकरा वर्षांत मी शाळेच्या सात-आठ तुकड्या दहावीला बसविल्या, मुलाचे लग्न पाहिले, सासूबाईंची अखेरची सेवा केली. ह्यातले काहीही परत घेतले गेलेले नाही. आजार परतला, वर्षे परतली नाहीत. ती माझ्याकडेच आहेत. ज्यांना हे पटणार नाही त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. पण आजारी माणसाच्या विश्वासाची मापे काढण्याचा अधिकार कोणत्याही प्रार्थनासभेला नाही, हे मात्र मी स्पष्ट लिहिते.

रुग्णाभ्यंगाचा संस्कार मला पहिल्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मिळाला होता. दुसऱ्यांदा तो घ्यावा असे मी म्हटले, तेव्हा माझ्या मोठ्या नणंदेने पदर डोळ्यांना लावला. तिच्या पिढीसाठी हा ‘शेवटचा’ संस्कार. तेल घेऊन फादर आले म्हणजे घरात रडारड सुरू. खरे तर १९६३ साली द्वितीय व्हॅटिकन परिषदेने सांगितले की, हा संस्कार केवळ मरणाच्या दारी पोचलेल्यांसाठी नाही. आणि १९७२ साली पोप पॉल सहावे ह्यांनी त्याच्या विधीची नव्याने आखणी करताना आजार उलटला किंवा बळावला तर तो पुन्हा घेता येतो असे स्पष्ट केले. पन्नासहून अधिक वर्षे झाली, पण गावाच्या मनात जुनेच नाव बसले आहे. मी नणंदेला म्हटले, ‘‘माई, डॉक्टर दुसऱ्यांदा औषध देतात, तेव्हा तुम्ही रडत नाही. फादर दुसऱ्यांदा तेल लावतात तर का रडता?’’ ती हसली नाही. पण संस्काराच्या वेळी माझ्या मागे उभी राहिली आणि तिचा हात माझ्या खांद्यावर होता.

‘उपशामक चिकित्सा’ ह्या शब्दाचीही अशीच दैना आहे. डॉक्टरांनी त्या विभागात पाठविले, तेव्हा यजमानांचा चेहरा उतरला. तेथे गेल्यावर कळले की, ती मंडळी दुखणे, मळमळ, झोप, भीती, घरातले ताण ह्या सर्वांची विचारपूस करतात आणि मूळ उपचार चालू असतानाच करतात. मॉर्फिनने माणूस व्यसनी होतो ही समजूतही तेथेच गळून पडली. शेवटच्या काळासाठीची शुश्रूषा ही वेगळी आणि तितकीच आदराची गोष्ट. भारतातले पहिले असे शुश्रूषागृह, शांती आवेदना सदन, १९८६ साली वांद्र्याला माउंट मेरीच्या टेकडीवर सुरू झाले, आणि ते उभे करणारे डॉ. एल. जे. डिसोझा हे आपल्यातलेच होते. आमच्या घरी त्याविषयीही बोलणे झाले आहे. जमिनीचे कागद, बँकेचे खाते, यंत्रांवर ठेवायचे की नाही, कोठल्या साडीत न्यायचे, हे सर्व एका रविवारी दुपारी जेवणानंतर बोलून झाले. सुनेने मधेच उठून भांडी घासायला घेतली, मग ती परत येऊन बसली. नंतर आम्ही आंबे कापले.

भीती जात नाही. दर तीन महिन्यांनी चित्रण असते, आणि त्याच्या आधीचा आठवडा मी कोणाशी धड बोलत नाही. घरच्यांनी ते स्वीकारले आहे. अमक्याने पपईच्या पानांचा रस घेतला, तमक्याने गोमूत्र, अशी माहिती घेऊन येणाऱ्यांचे मी ऐकून घेते आणि घेतलेली कोणतीही वस्तू आधी डॉक्टरांना विचारते, कारण पालबोसिक्लिब घेताना साधा पपनसासारखा आंबट फळाचा एक प्रकारही वर्ज्य आहे. माणसांचे मात्र मला हवेहवेसे वाटते. कोणी काय करावे, असे विचाराल तर जाऊबाईंचे उदाहरण देते. त्या काही बोलत नाहीत. मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, आमच्या विहिरीजवळचा मोगरा खुडतात, माझ्याशेजारी बसून गजरे करतात, आणि शेजारच्यांच्या भांडणाची खबर देतात. त्या वेळात मी रुग्ण नसते.

शाळेतली एक जुनी सहकारी अलीकडे आली. तिलाही गेल्या महिन्यात कळले आहे, नऊ वर्षांनी, गळ्याजवळच्या ग्रंथीत. ती दारातच उभी राहून म्हणाली, ‘‘मला काही समजत नाही.’’ मी ‘बरी होशील’ म्हटले नाही. मी तिला विचारले, ‘‘तुकडा तपासायला दिला का? अहवाल कधी येतो?’’ बुधवारी, ती म्हणाली. मी म्हटले, ‘‘बुधवारी मी तुझ्याबरोबर येते. माझा गोळ्या थांबविण्याचा आठवडा आहे, पायात थोडे बळ असते.’’ सहा वीसची विरार-चर्चगेट धरायची असे ठरले आहे. डबा ती करणार आहे.